मास्तरांचा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शिकवणाऱ्याच्या. हा दुसरा ब्रेक नुसता असावा, वापरायची वेळ येऊ नये, असे मास्तर पहिल्याच दिवशी सांगत. "माझा पाय म्हणजे घरातले आजोबा समजा," ते म्हणायचे. "कोपऱ्यात बसलेत. घर पडायला आलं तरच उठतील."

आणि आजोबा खरोखर कोपऱ्यात बसून असत. मास्तरांच्या हाताखाली शिकलेली माणसे सांगायची, की त्यांच्या शेजारी बसले की भीती वाटायची थांबते. थरथरत आलेल्या बायका हसत घरी जायच्या. शाळेच्या मालकीणबाईसुद्धा, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, कॉलेजात असताना मास्तरांकडूनच शिकल्या होत्या.

बायको गेल्यापासून मात्र आजोबा उठसूट उठायला लागले. रस्ता मोकळा, शिकणाऱ्याचा हात स्थिर, आणि एकदम कचकन ब्रेक. शिकणारा पुढे आदळायचा, मागची गाडी हॉर्न मारायची, आणि मास्तर म्हणायचे, "काही नाही, काही नाही, चला." नेमके काय झाले ते त्यांनाही कळत नसे. पाय दाबून झाल्यावरच त्यांना समजायचे, की आपण पाय दाबला.

शेवटी एका नर्सबाईंनी तोंड उघडले. रात्रपाळीला बस मिळत नाही म्हणून त्या गाडी शिकत होत्या आणि परीक्षेपर्यंत आल्या होत्या. त्या सकाळी सिग्नल हिरवा होता, पुढे कोणी नव्हते, बाई कसलेसे गाणे गुणगुणत होत्या. मास्तरांनी असा ब्रेक मारला, की मागच्या सीटवरची त्यांची पर्स खाली पडून सगळे सामान पसरले. बाईंनी गाडी नीट कडेला घेतली, सामान गोळा केले, आणि धडा संपल्यावर मास्तरांना घेऊनच मॅडमच्या केबिनमध्ये शिरल्या.

"मी यांच्यासमोरच बोलते. मागून बोलायला मला जमत नाही," त्या म्हणाल्या. "मास्तर, सिग्नल हिरवा होता की नाही?"

"होता."

"समोर कोणी होतं?"

"नव्हतं."

"मग आपण थांबलो का?"

मास्तरांनी पोटरी चोळली. मग म्हणाले, "पायात जरा गोळा येतो हल्ली."

"मॅडम, यांच्याबद्दल माझी तक्रार नाही," नर्सबाई म्हणाल्या. "यांच्यासारखं कोणी शिकवत नाही. पण सध्या गाडी मी चालवतच नाहीये. तेच चालवतायत."

मॅडमनी चहा मागवला. चहा आला तेव्हा मास्तरांनी कपाला हात लावला नाही, कारण वाईट बातमी देताना मॅडम नेहमी आधी चहा मागवत.

"मास्तर, दोन जण शाळा सोडून गेले," त्या म्हणाल्या. "एक म्हणाला वेळ जमत नाही. दुसऱ्यानं खरं कारण सांगितलं. मी तुम्हाला बोलले नाही. बोलायला हवं होतं. चावी ठेवा."

"काढून टाकताय?"

"तुम्हाला काढलं तर तुम्हाला शाळेत आणणारे माझे वडील वरून येऊन मला काढतील. वर्गात बसा. रस्त्यावरच्या खुणा शिकवा, नियम शिकवा. पाय बरा झाला की चावी तुमची. पण तो बरा झाल्याशिवाय नाही. माझ्या गाडीत उद्या कुणाचं डोकं फुटलं, तर तुम्हालाच जास्त लागेल."

मास्तरांनी चावी टेबलावर ठेवली. घर तर रिकामे झालेच होते. गाडीची ती एक सीट उरली होती, जिथे बसल्यावर माणूस अजून कामाचा आहे असे वाटायचे. तीही आता गेली.

दुसऱ्या दिवशी ते हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पाय वाकवला, ताणला, गुडघ्यावर टकटक केली आणि म्हणाले, "तुमचा पाय माझ्या पायापेक्षा चांगला आहे. बदलायचा का?"

ही गोष्ट मास्तरांनी वर्गाबाहेर भेटलेल्या नर्सबाईंना सांगितली. त्यांना वाटले, बाई हसतील. बाईंनी पर्समधून एक चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. "या काउन्सेलर आहेत. स्वतःची प्रॅक्टिस करतात. फोन करा."

मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी वेडा झालोय?"

"वेडे असता तर मी तुमच्या शेजारी बसले असते? आमच्या वॉर्डात कोणी गेलं, की आम्ही मागे राहिलेल्यांना हा नंबर देतो. तुम्हाला कोणी दिला नसेल. म्हणून मी देते."

तीन दिवस चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली. मग मुलीचा फोन आला. ती लांब राहायची आणि रोज संध्याकाळी फोन करायची. मास्तरांनी सवयीने म्हटले, "मी बरा आहे."

"बाबा, मी अजून विचारलंसुद्धा नाही," मुलगी म्हणाली. "तुमचं 'मी बरा आहे' मला फोन लागायच्या आधीच ऐकू येतं."

मास्तरांनी तिला चिठ्ठीबद्दल सांगितले. तिने ती त्यांना वाचून दाखवायला लावली. मग ती म्हणाली, "करा ना फोन. माझ्यासाठी करा. मी येऊ का सोबत?"

"मी लोकांना गाडी शिकवतो. मला कोणी पोचवायला नको."

फोन करून वेळ ठरली, आणि मास्तर परीक्षेला निघाल्यासारखे तयारीनिशी निघाले. लोकांना परीक्षेला बसवण्यातच त्यांचा जन्म गेला होता. परीक्षक काय बघतो, काय विचारतो, कुठे माणूस फसतो, सगळे त्यांना पाठ. इथेही तसेच असणार असे त्यांनी धरले. झोप कशी? ठीक. जेवण? वेळेवर. चिडचिड? नाही. उत्तरे तयार करून ते वेळेच्या आधीच पोचले, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळी उत्तरे बरोबर आली, की त्या काउन्सेलर बाई एक कागद देतील: हा माणूस ठीक आहे, गाडी द्यायला हरकत नाही. तो कागद मॅडमच्या टेबलावर ठेवायचा आणि चावी उचलायची.

खोली एका दातांच्या दवाखान्याच्या वर होती. खालून मधूनमधून मशीनचा बारीक आवाज येत होता. मास्तरांनी आत शिरून चारी बाजूंना पाहिले. दोन खुर्च्या, त्याही समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या. मध्ये लहान टेबल, त्यावर कागदी रुमालांचा डबा आणि पाण्याचा तांब्या. खिडकीत एक कुंडी, तिच्यातल्या झाडाची दोन पाने पिवळी पडलेली.

"झोपायचं कुठे?" मास्तरांनी विचारले.

काउन्सेलर बाई मास्तरांच्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या असतील. आवाज बसलेला होता, सर्दी झालेली दिसत होती. "झोप आली असेल तर सांगा," त्या म्हणाल्या. "नाहीतर बसूनच बोलू. खुर्ची कुठली हवी ती घ्या."

मास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसले.

"आधी मी थोडं बोलते, मग तुम्ही," बाई म्हणाल्या. "मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही. गोळ्यांची गरज वाटली तर तसं सांगेन आणि कुणाकडे जायचं तेही सांगेन. आपण आठवड्यातून एकदा भेटू, तासाहून थोडं कमी. तुम्ही इथे जे बोलाल ते इथेच राहील. एकच अपवाद. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला बाहेर बोलावं लागेल, आणि तेही आधी तुम्हाला सांगून. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. आणि चार भेटींनंतर वाटलं, की या बाईशी आपलं जमत नाही, तर सरळ सांगा. मी दुसरं नाव देईन. मला राग येणार नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी यातले काहीच पाठ केले नव्हते.

"तुम्हाला काय म्हणू?"

"सगळे मास्तर म्हणतात."

"आणि घरी?"

मास्तरांची उत्तरे झोपेची होती, जेवणाची होती. हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

"घरी अहो म्हणायची," ते म्हणाले. "स्वयंपाकघरातून. अहो, ऐकलंत का. अहो, पंखा बंद करा. आता घरी मला कोणी काहीच म्हणत नाही."

खालचे मशीन थांबले होते. बाईंनी डबा पुढे सरकवला नाही, की "होतं असं" म्हटले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "तुमचा पाय."

मास्तरांनी खाली पाहिले. त्यांचा उजवा पाय गालिच्यावर पुरता दाबलेला होता. टाच वर, पंजा खाली. ते दचकले आणि त्यांनी पाय मागे घेतला.

त्यानंतर त्यांनी पाठ केलेली सगळी उत्तरे भराभर दिली. झोप ठीक, जेवण वेळेवर. बाईंनी ती ऐकून घेतली. वेळ संपल्यावर मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मग कागद आज मिळेल, का पुढच्या वेळी?"

"कसला कागद?"

"मी ठीक आहे असा. शाळेत द्यायचा."

"असा कागद मी देत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही इथे येता एवढंसुद्धा मी कुणाला कळवणार नाही. सांगायचं असेल तर तुम्हीच सांगायचं."

"मग मी आलो कशाला?" मास्तरांचा आवाज चढला.

"ते बघायला पुढच्या आठवड्यात याल का?"

मास्तर तडातडा जिना उतरले. दवाखान्याच्या दारात गाल धरून बसलेल्या माणसाकडे बघून त्यांच्या मनात आले, याचे बरे आहे. दात काढला की मोकळा.

घरी मेव्हणा येऊन बसला होता. बायकोचा हा धाकटा भाऊ ती असताना दर रविवारी यायचा आणि ती गेल्यावरही यायचा, तिची किल्ली वापरून. मास्तरांना उशीर का झाला हे त्याने खणून काढले आणि मग टाळी वाजवून हसला.

"भाऊजी, बोलायचे पैसे? मला द्या, मी ऐकतो. वर चहाही तुमच्या हातचा पितो, म्हणजे बघा."

"तू कधी ऐकलंयस कुणाचं? तुझी बहीण तुला 'रेडिओ' म्हणायची."

"रेडिओला निदान बटण असतं, असं म्हणायची ती," मेव्हणा म्हणाला. दोघेही हसले. मग मेव्हण्याने उगाच कपबश्या धुतल्या, धुतलेल्यासुद्धा पुन्हा धुतल्या, आणि तो निघून गेला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मास्तर म्हणाले, "मी..." आणि थांबले. मग म्हणाले, "आज बरा नाहीये गं. तिकडे कुणीतरी विचारलं, घरी तुम्हाला काय म्हणतात. तेव्हापासून बरा नाहीये."

पलीकडून मुलीचे रडणे ऐकू आले. मास्तर घाबरले. पण मुलगी रडतारडता म्हणत होती, "बाबा, आईला जाऊन इतके महिने झाले. आज पहिल्यांदा माझ्याशी बोललात तुम्ही." आणि मग दोघांनी पुष्कळ वेळ तिच्या आईबद्दल गप्पा मारल्या. ती फोनवर किती मोठ्याने बोलायची, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा कशी शोधायची. त्या रात्री मास्तरांना चांगली झोप लागली. सकाळी उठल्यावर त्यांना जाणवले, की बाईंना सांगितलेले "झोप ठीक" हे खोटे होते. ठीक झोप कशी असते हेच ते विसरले होते.

म्हणून ते पुन्हा गेले. कागद मिळणार नाही हे माहीत असून गेले.

बायको गेली तो दिवस त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितला. इतक्या लोकांना सांगितला होता, की तो ठरावीक शब्दांत बाहेर यायचा. बायको भाजी घेऊन बसस्टॉपवर उभी होती, तिथेच कोसळली, हृदय बंद पडले, लोकांनी गाडीत घालून नेले, उपयोग झाला नाही. धडा चालू असताना मोबाइल डॅशबोर्डच्या खणात ठेवायचा, असा शाळेचा नियम. त्यामुळे मास्तरांना कळायला वेळ लागला. डॉक्टरांनी सांगितले होते, की ते तिथे असते तरी काही फरक पडला नसता. मास्तर दमून थांबले आणि "तुमच्या हातात काही नव्हतं" या वाक्याची वाट बघू लागले. इथपर्यंत आले, की सगळे हेच म्हणत.

बाई म्हणाल्या, "तेव्हा तुमची गाडी कुठे होती?"

"गोल चौकात."

"कोण शिकत होतं?"

"एक निवृत्त पोस्टमन." मास्तरांचा आवाज बदलला. "चौकातून बाहेर कसं पडायचं ते त्यांना जमेना. आतल्या लेनमध्ये शिरले, की शेजारून गाड्या यायच्या आणि ते घाबरून पुन्हा फेरी मारायचे. फेऱ्यांवर फेऱ्या. मी म्हटलं, घाई नाही, पेट्रोल शाळेचं आहे. तेव्हा ते म्हणाले..." मास्तर थांबले. उजवा पाय गालिच्यावर दाबला गेला. त्यांनी तो पाहिला, बाईंनीही पाहिला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मास्तर, जन्मभर दुसऱ्यांची पत्रं बरोबर पत्त्यावर पोचवली, आज मी स्वतःच 'पत्ता सापडत नाही' असा शिक्का मारून परत चाललोय."

बाईंना हसू फुटले. त्यांनी आवरायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून बाहेर आले आणि सर्दीमुळे त्याचा विचित्रच आवाज झाला. "माफ करा," त्या म्हणाल्या.

"नाही, हसा. विनोदच होता तो," मास्तर म्हणाले. "मीपण हसलो. पोट धरून हसलो. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. नंतर वेळ जुळवली मी. तेव्हाच ती तिकडे... मी हसत होतो, ताई. हे मी कुणाला सांगितलं नाही. मुलीला नाही, मेव्हण्याला नाही. ती रस्त्यावर पडली होती आणि मी हसत होतो."

मग ते रडले. स्मशानात रडले नव्हते इतके रडले. कागदी रुमालाचा डबा त्यांनी स्वतःच ओढून घेतला. बाईंनी त्यांना रडू दिले. घड्याळ बघितले नाही. शेवटी म्हणाल्या, "पोस्टमनचा किस्सा तुम्ही घरी जाऊन कुणाला सांगितला असता?"

"तिलाच," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या कुणाला? रोज जेवताना तिला आजचे किस्से लागायचे. मीठ विसरायची, पण किस्सा नाही विसरायची." हे बोलताना त्यांचे नाक वाहत होते, आणि तरी ते थोडे हसत होते.

जाताना बाईंनी एक काम दिले. पाय कधी दाबला जातो आणि कधी नाही, एवढेच बघून यायचे. थांबवायचा नाही. नुसते बघायचे.

पण पाय बघायचा तर गाडीत बसायला हवे. मास्तरांनी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळे सरळ सांगितले. मी काउन्सेलरकडे जातोय, कागद मिळत नाही, पण काम मिळालेय. मॅडमनी ऐकून घेतले, आणि या वेळी चहा मागवला नाही.

"मागे बसा," त्या म्हणाल्या. "नर्सबाई चालवतील, मी त्यांच्या शेजारी बसते. मागे ब्रेक नाही, हवा तेवढा पाय दाबा."

तशी तिघांची वरात निघाली. बाजारातून जाताना एक ट्रक न बघता मागे आला. नर्सबाईंनी वेळेवर गाडी थांबवली, आणि मास्तरांचा पाय शांत होता. शाळेसमोर मुले पळत आडवी आली, तेव्हाही शांत. मास्तरांना वाटले, बरा झाला की काय! मग गाडी मोठ्या मोकळ्या रस्त्याला लागली. नर्सबाईंनी त्यांच्या वॉर्डातल्या एका आजींची गोष्ट काढली, ज्या रोज डॉक्टरांना "लग्न झालं का रे तुझं?" असे विचारत आणि तो "हो" म्हणाला, की "मग दुसऱ्या डॉक्टरला पाठव" म्हणत. मॅडम खळखळून हसल्या.

"मास्तर!" नर्सबाई ओरडल्या. "माझ्या सीटला मागून लाथ का मारताय?"

मास्तरांचा पाय पुढच्या सीटच्या पाठीला टेकला होता, आणि श्वास छातीत अडकला होता. समोर रस्ता मैदानासारखा मोकळा पडला होता.

"कळलं," ते म्हणाले. "गाडी थांबवू नका. चालवा. कळलं मला."

पुढच्या भेटीत त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकले. "ताई, वाईट रस्त्याला हा काही करत नाही. सगळं छान चाललं, कुणी गायला लागलं, कुणी हसलं, की दाबतो. आधी श्वास थांबतो, मग पाय."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"त्याला वाटत असेल, की हसलं की तिकडे काहीतरी होतं." मास्तरांनी पायाकडे असे पाहिले, जणू तो शेजारी बसलेला कुणी तिसराच माणूस होता. "बिचारा."

आपल्यालाच आपण बिचारा म्हटले हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आले तेव्हा त्यांना लाज वाटली नाही.

"जाईल का हे?" त्यांनी विचारले.

"कमी होईल. श्वास थांबला हे वेळेवर कळायला लागलं, की पायाआधी तुम्ही पोचाल. पुरतं जाईल असं वचन मी देणार नाही."

"मग शाळेत काय सांगू?"

"जे आहे ते."

त्या रविवारी मेव्हणा आला आणि नेहमीसारखा बोलला नाही. चहा संपला तरी कप हातात धरून बसला. मास्तरांनी त्याला पोस्टमनची गोष्ट सांगितली, हसण्यासकट. आपण त्याला हे कसे सांगणार, या विचाराने ते आठवडाभर धास्तावले होते. मेव्हण्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "भाऊजी, ती गेली तेव्हा तुम्ही हसत होतात, हे तिला कळलं असतं ना, तर म्हणाली असती, किस्सा काय ते आधी सांगा." मग कप खाली ठेवून, "मी त्या बसस्टॉपच्या रस्त्यानं जातच नाही. लांबून वळसा घालून कामाला जातो. रोज उशीर होतो, रोज साहेबाच्या शिव्या खातो. तुमच्या त्या बाई... मला घेतील का?"

बाईंनी सांगितले, की एकाच घरातल्या दोघांना त्या बघत नाहीत. दोघांनाही आपले मोकळेपणी बोलता यावे म्हणून. त्यांनी दुसऱ्या एकांचा नंबर दिला. मेव्हण्याने तो घेताना विचारले, "ते माझ्यापेक्षा जास्त बोलत नाहीत ना?" मास्तर म्हणाले, "तुझ्यापेक्षा? अशक्य."

मॅडमनी चावी परत दिली, पण एका अटीवर, आणि अट मास्तरांनीच घातली. प्रत्येक शिकणाऱ्याला आधी सांगायचे, की माझी बायको गेली आहे, आणि कधीकधी माझा पाय उगाच ब्रेक दाबतो. तसे झाले तर मला लगेच सांगा, रागवा, पण गप्प बसू नका. हे सांगताना पहिल्यांदा त्यांची जीभ अडखळली. समोर एक तरुण सुतार होता. तो म्हणाला, "मास्तर, मी मशीनवर बोट गमावल्यापासून आवाज झाला की हात मागे घेतो. चालायचंच. आरसा कुठला आधी बघू?" मास्तरांनी त्याला आरसा दाखवला. जगात इतकी माणसे इतके काय काय सांभाळून चाललेली असतात, हे त्यांना शेजारी बसून इतकी वर्षे दिसले नव्हते.

नर्सबाईंच्या परीक्षेआधीचा शेवटचा धडा होता. बाईंनी गाडी बाजारातून काढली, पूल ओलांडला, वळण सुरेख घेतले. मोठ्या रस्त्यावर पुढे एक उघडी गाडी चालली होती, तिच्यात उलटी ठेवलेली सोफ्याची खुर्ची, आणि खुर्चीच्या चार पायांमध्ये एक कुत्रा राजासारखा बसलेला. तो सगळ्या वाहनांकडे असा बघत होता, जणू ही मिरवणूक त्याचीच.

नर्सबाई हसल्या. मास्तरांचा श्वास थांबला. त्यांना कळले, की तो थांबला. त्यांनी तो हळूच सोडला, काउन्सेलर बाईंनी शिकवला होता तसा. पाय थरथरला आणि जागेवर राहिला.

"बघा, बघा, सलाम करतोय तुम्हाला," नर्सबाई म्हणाल्या, कारण कुत्र्याने एक पाय वर करून कान खाजवला होता.

आणि मास्तर हसले. पोस्टमनच्या त्या दिवसानंतर गाडीत पहिल्यांदाच हसले. गाडी चालत होती, बाईंचे हात चाकावर स्थिर होते, कुठे काही झाले नाही. हसताहसता डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी ते पुसले नाही.

सिग्नलला गाडी थांबली, बाईंच्या पायाने थांबली. मास्तर म्हणाले, "त्या दिवशी मॅडमसमोर बोललात ना, फार उपकार झाले."

"मी आठवडाभर झोपले नव्हते," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मास्तर आता माझं तोंडसुद्धा बघणार नाहीत."

"शिकवताना मी तोंड बघतच नाही. रस्ता बघतो," मास्तर म्हणाले. "तुम्हीही बघा. हिरवा झाला."